खाडीकाठ परिवाराची भिंत

उमेशला गावाने कधी सरपंच केलं नाही, सोसायटीचा चेअरमन केलं नाही, साधं नवरात्रातलं आरतीचं ताटसुद्धा कधी आधी त्याच्या हातात दिलं नाही. पण 'खाडीकाठ परिवार' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा तो अ‍ॅडमिन होता, आणि तेवढ्या एका मानावर तो असा काही चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, डहाणूच्या खाडीला भरतीसुद्धा याला विचारूनच येते. सुप्रभात आठाच्या आत टाकायचं, मयतीच्या बातमीखाली हसरा चेहरा लावायचा नाही, भाव विचारायचा तर फक्त मासळीचा. नियम सगळे त्याचेच. त्याची बायको भाविनी म्हणायची, "अहो, आंघोळीला जाताना तरी तो अ‍ॅडमिन खुंटीला टांगून जात जा."

बरं, हौस होती तर असू दे. कोणाचं काय जात होतं? पण मे महिन्यात त्याच्या पोरीचं लग्न निघालं आणि हौसेची आग झाली.

हळदीच्या रात्री गावाला जेवण होतं. भाविनीचा भाऊ धर्मेश, म्हणजे नवरीचा सख्खा मामा, पोटभर जेवला, हात धुतला आणि ग्रुपवर टाकलं, "भावोजींनी कोळंबी मोजून वाढली. माझ्या वाट्याची एक आली होती, ती रश्श्यात अजून शोधतोय." खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. आता लग्नात मामाने थट्टा करायची नाही तर काय भटजीने करायची? सगळा मांडव हसला. उमेश हसला नाही. त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं, आणि पोरीच्या अंगावरची हळद वाळायच्या आत त्याने मामाला ग्रुपमधून काढून टाकलं. "धर्मेश यांना रिमूव्ह केले," असं सगळ्या गावाच्या फोनवर आलं. तोंडावर थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, ती निदान चार जणांनीच बघितली असती.

मग काय, जून सरेपर्यंत एकेक करत धर्मेशची अख्खी आळी ग्रुपमधून उठून गेली. राहिलेल्यांची आपसात जुंपली. शेवटी जुलैत गावातल्या जाणत्यांनीच सांगितलं, बाबा, बंद कर तुझा परिवार. ग्रुपला कुलूप लागलं.

ग्रुप गेला तर गेला, खरी भीती होडीची होती. 'नवसाची' नावाची ती होडी भाविनीच्या वडिलांनी बांधली होती आणि जाताना अर्धी पोराला, अर्धी जावयाला देऊन गेले होते. दोघांनी एकत्र पकडायची, एकत्र खायची, अशी म्हाताऱ्याची इच्छा. यंदा पावसाळ्यातल्या मासेमारी-बंदीच्या दिवसांत होडी रंगवायची वेळ आली तर उमेशने आपली बाजू निळी रंगवली आणि घरी गेला. दोन दिवसांनी धर्मेश आला आणि त्याने आपली बाजू हिरवी रंगवली. समोरून बघितलं की वाटायचं, दोन होड्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत. गावातल्या पोरांनी ती पाण्यात उतरवली तेव्हा दोघांतला एकही भागीदार काठावर नव्हता.

आणि या काठाची रीत अशी की नारळी पौर्णिमेला भागीदारीच्या होडीचा नारळ सगळ्या भागीदारांनी मिळून धरायचा आणि समुद्राला द्यायचा. एकट्याने धरलेल्या नारळावर होडी बाहेर जात नाही. दोघंही म्हणाले, मी त्याच्या हाताला हात लावणार नाही. मग होडी विकायची, दुसरं काय? गिऱ्हाईकही मिळालं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो बयाणा घेऊन येणार होता. भाविनी रोज संध्याकाळी खाडीवर जायची, बापाच्या होडीकडे बघायची आणि घरी येऊन भांडी जोरात आपटायची. उमेशला भांड्यांची भाषा कळत होती, पण अ‍ॅडमिनने माघार कशी घ्यायची?

अशात तलासरीहून बोलावणं आलं. तिथल्या एका संस्थेत जयश्री मॅडम म्हणून होत्या. त्या गावोगावच्या ग्रुप चालवणाऱ्यांना एक खेळ शिकवत. भिंतीचा खेळ. फोन सगळे टोपलीत ठेवायचे, भिंतीला मोठा खाकी कागद डकवायचा आणि तीच भिंत म्हणजे ग्रुप. मेसेज टाकायचा तर चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवायचा. आवडला तर त्यावर रंगीत ठिपका लावायचा. पुढे पाठवायचा तर चिठ्ठीपासून दुसऱ्याच्या नावापर्यंत लाल दोरा ताणायचा. अ‍ॅडमिनने कोणाला काढलं तर त्या माणसाने उठून बाहेर ओट्यावर जायचं, आतलं ऐकायचं पण बोलायचं नाही. फोनमध्ये जे बोटाच्या टोकावर होतं ते इथे पायाने चालत जाऊन करावं लागतं, म्हणजे माणूस दोनदा विचार करतो, असं मॅडमचं म्हणणं.

उमेश खूश झाला. त्याला वाटलं, वा! आता गावाला वळण लागेल. गावाला म्हणजे कोणाला, ते सांगायला नको. एसटीने परत येताना त्याने खिडकीशी बसून मनातल्या मनात धर्मेशला तीनदा ओट्यावर उभं केलं.

घरी येऊन मॅडमनी दिलेली खेळाची पिशवी उघडली तर पावसाने ठिपक्यांचा लगदा झालेला. भाविनीने कपाटातून टिकल्यांची पाकिटं काढून समोर टाकली. "ह्या घ्या तुमचे ठिपके. पोरीच्या लग्नातल्या उरल्यात."

"टिकल्या? हा सिरियस खेळ आहे, भाविनी."

"मग सिरियस रंगाच्या घ्या. मरून आहेत." आणि मग जरा थांबून ती म्हणाली, "मी धर्मेशला आणणार आहे खेळाला. तुम्ही त्याला तिथे काही बोललात तर माझ्यासारखी वाईट कोणी नाही. आणि तोही आला नाही तर त्याच्या मनगटाला राखी नाही. सांगितलंय मी त्याला तसं."

उमेशने तिच्याकडे बघितलं नाही. तो चिठ्ठ्या मोजत असल्याचं सोंग करत राहिला.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये गाव जमलं. पौर्णिमा तीन दिवसांवर. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि धर्मेश दाराजवळ, पळायला सोपं पडेल अशा ठिकाणी. उमेशने घसा खाकरला. "बंधू आणि भगिनींनो, ही भिंत नाही. हा ग्रुप आहे."

"मग भिंत कुठाय?" शांती काकी म्हणाली. सुक्या मासळीचा धंदा करणारी ही म्हातारी, आयुष्यात कोणाला घाबरली नाही. उमेशला काय घाबरणार?

"काकी, हीच भिंत. म्हणजे हाच ग्रुप."

"तेच विचारते. भिंत की ग्रुप?"

कसाबसा खेळ सुरू झाला. पहिला मेसेज टाकायचा मान उमेशने शांती काकीला दिला. तिने पोराकडून लिहून घेतलं, "माझी मोठी टोपली कोणी नेली? नेली त्याने आणून द्यावी," आणि हात पुरेल तिथे, भिंतीच्या बरोबर मध्यावर चिकटवलं. आता तलासरीच्या नियमाप्रमाणे नवी चिठ्ठी वर लागायला हवी. पण काकीच्या चिठ्ठीच्या वर चिठ्ठी लावणार कोण? वयाने सगळे तिच्यापेक्षा लहान. पुढचा आला त्याने खाली लावली. त्याच्या पुढची त्याच्या वहिनीची, तिने त्याच्याही खाली. एका सुनेला सासऱ्याच्या चिठ्ठीशेजारी जागा मिळत होती, तर तिने पदर ओढला आणि भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराच्या चौकटीवर जाऊन आपला मेसेज लावला. बघता बघता खाकी कागदाचा वरचा भाग कोरा राहिला आणि खालचा जमिनीला टेकला. मग लोक फरशीवर चिठ्ठ्या चिकटवू लागले.

"अहो, वर लावा! वर!" उमेश ओरडला. "फोनमध्ये अशी लाज धरता का?"

"फोनात काकी दिसत नाही," कोणीतरी म्हणालं. "इथे समोर बसलीय."

टिकल्यांचा वेगळाच घोळ. बायकांनी एकमेकींच्या चिठ्ठ्यांवर टिकल्या लावून अगदी नटवून टाकल्या. पण बाप्यांची पंचाईत झाली. दुसऱ्याच्या बायकोच्या नावाला टिकली लावायची म्हणजे काय चेष्टा आहे? एकाने भीत भीत शेजारणीच्या मेसेजला लावली, तर त्याच्या बायकोने तिथल्या तिथे उठून ती खरवडून काढली आणि नवऱ्याच्या कपाळावर चिकटवली. हॉल नुसता फुटला. उमेशने नियम केला की बाप्यांनी आपली टिकली बायकोच्या हातून लावून घ्यावी. अ‍ॅडमिन माणूस, नियमाशिवाय त्याला श्वास येत नाही.

मग दुसरी फेरी. यात प्रत्येकाने डब्यातून एक कार्ड उचलायचं आणि त्यावर असेल तो माणूस व्हायचं. कोणी रागीट, कोणी नुसता वाचणारा, कोणी येईल ते पुढे ढकलणारा. भाविनीने डबा फिरवला. धर्मेशने कार्ड उचललं, वाचलं आणि पहिल्यांदाच त्या दुपारी हसला. त्याला अ‍ॅडमिन आला होता.

डबा भाविनीच्या हातात होता, हे उमेशच्या आत्ता लक्षात आलं.

धर्मेश उठला. पँट वर ओढली, पोट पुढे काढलं, घसा खाकरला, अगदी उमेशसारखा. "सर्व सन्माननीय बांधवांना कळविण्यात येते की, खाडीत मासे अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय फिरताना आढळल्यास त्यांना रिमूव्ह करण्यात येईल." लोक पोट धरून हसले. भाविनी तोंडाला पदर लावून हसली. उमेशला कुठे बघावं कळेना. त्याला पक्कं ठाऊक होतं, आता हा मला ओट्यावर घालवणार. सगळ्या गावासमोर. घालव, त्याने मनात म्हटलं, एकदाचा घालव.

पण धर्मेशने कोणालाच घालवलं नाही. रागिटाचं कार्ड आलेल्याने भिंतीवर नाही नाही ते लिहिलं, तर धर्मेश त्याच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच काही बोलला. त्या माणसाने स्वतःच आपली चिठ्ठी काढून खिशात घातली. शांती काकी पुन्हा टोपलीवर आली, तर धर्मेश म्हणाला, "काकी, टोपली माझ्याकडे आहे, संध्याकाळी आणून देतो. भिंतीला कशाला त्रास?" अर्ध्या तासात त्याने एकाला बाहेर काढलं नाही. उमेशला ते थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं. आणि राग आला. धर्मेशचा आला की आपला, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिसरी फेरी अफवेची होती. यात खेळ चालवणाऱ्याने एक खोटा मेसेज टाकायचा आणि बघायचं, की लोक आधी "कोण म्हणालं, कुठून कळलं" असं विचारतात की डोळे मिटून पुढे ढकलतात. जयश्री मॅडमनी सांगितलं होतं, उदाहरण तुमच्या गावातलं घ्या. उमेशने सकाळीच बसून, जीव ओतून लिहिलं होतं: "तातडीचे! खात्रीलायक सूत्रांकडून समजते की आज सायंकाळी खाडीच्या तोंडाशी मोठे वादळ येत आहे. सर्वांनी होड्या तात्काळ वर ओढाव्यात. विनंती." खाली दोन हात जोडलेले, तेही स्वतः काढलेले. त्याने चिठ्ठी चांगली मोठी, काकीच्याही वर लावली. खेळ चालवणाऱ्याला तेवढा हक्क असतो.

लोकांनी विचारलं का, कोण म्हणालं? नाव नको. टिकल्या फुकटच्या होत्या आणि दोरा लाल होता. बायकांनी धडाधड टिकल्या लावल्या, बाप्यांनी बायकांच्या हातून लावल्या, दोरे या नावापासून त्या नावापर्यंत ताणले गेले आणि भिंत वाळत घातलेल्या जाळ्यासारखी दिसायला लागली. उमेश हात मागे बांधून बघत होता. आता या सगळ्यांना तो सांगणार होता, बघा, फसलात. धर्मेशने मात्र चिठ्ठी वाचली, भुवया आवळल्या आणि तोंड उघडलं. तो विचारणारच होता.

तेवढ्यात दारातून भीमा काका आला.

भीमा काका म्हणजे शांती काकीचा नवरा. चहाची वेळ टळली म्हणून बायकोला शोधत आला होता. वारा कुठून येणार ते हा माणूस ओठ ओला करून सांगायचा, आणि गाव त्याचं मोबाइलच्या हवामानापेक्षा जास्त मानायचं. त्याला खेळबिळ काही माहीत नव्हतं. त्याला दिसली ती भिंत, भिंतीवर मोठी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एवढ्या टिकल्या की अक्षरं दिसायला जागा नाही. त्याने चष्मा लावला, बोट फिरवत हळूहळू वाचलं. इतक्या बायकांनी कुंकवाची खूण लावलीय म्हणजे गोष्ट साधी नाही, एवढं त्याला कळलं. तो वळला आणि हॉलचे पत्रे हादरतील असा ओरडला, "होड्या वर घ्या रे!"

या काठावर हा पुकारा झाला की कोणी विचारत बसत नाही. आधी होडी, मग चौकशी, असं आईच्या दुधातून आलेलं असतं. क्षणात हॉल रिकामा. फोन टोपलीत तसेच, चपला दारात तशाच. ज्यांनी आत्ता टिकल्या लावल्या ते धावले, ज्यांनी दोरे ताणले ते दोरे पायात घेऊन धावले. आणि सगळ्यांच्या पुढे कोण धावत होता म्हणाल? उमेश. ज्याने स्वतःच्या हाताने वादळ लिहिलं होतं तो. त्याच्या डोक्यात भीमा काकाचा आवाज होता आणि डोळ्यांपुढे होडी, बाकी काही नव्हतं.

ओहोटी लागली होती. होड्या अर्ध्या चिखलात, अर्ध्या पाण्यात. वाळूवर ओंडके टाकले गेले, दोर फेकले गेले. उमेश 'नवसाची'च्या निळ्या बाजूला भिडला. जड होती, चिखलाने धरून ठेवली होती. त्याने जीव खाऊन खेचलं, होडी हलेना. मग पलीकडून, हिरव्या बाजूने आवाज आला, "उम्या, एकटा काय ओढतोस? माझ्यासंगती ओढ. हेऽऽ हैसा!"

मे महिन्यानंतर धर्मेशने त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. उमेशने फक्त "हैसा" म्हटलं आणि ओढलं. मागून पोरं भिडली, भाविनी पदर खोचून ओंडके पुढे टाकत राहिली. हेऽऽ हैसा, हेऽऽ हैसा. होडी चिखल सोडून वाळूवर आली, वाळूवरून वर, पार उंच, जिथे मोठ्या उधाणाचं पाणीसुद्धा जेमतेम पोचतं तिथे. गावातल्या साऱ्या होड्या वर आल्या. लोक धापा टाकत उभे राहिले आणि समुद्राकडे बघू लागले.

समुद्र शांत. आभाळात एक ढग नाही. दूर एक बगळा एका पायावर उभा.

"काका," कोणीतरी हळूच विचारलं, "वादळ कुठाय?"

"मला काय विचारतोस? भिंतीवर होतं."

मग सगळ्यांच्या माना एकदम उमेशकडे वळल्या. आत्ता कुठे त्याला आठवलं, मेसेज कोणाचा ते. पुढे जे ऐकायला मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शांती काकीने तर त्याच्या सात पिढ्यांना ओट्यावर उभं केलं. तेवढ्यात टोपलीतले फोन घेऊन पोरं आली आणि उमेशचा फोन वाजला. तलासरीहून जयश्री मॅडम.

"काय उमेशभाऊ, कसा झाला खेळ? लोकांनी भाग घेतला का?"

"घेतला मॅडम," उमेश म्हणाला. "अख्ख्या गावाने घेतला. घाम गाळून घेतला."

"छान! आणि अफवेच्या फेरीत किती जण फसले?"

उमेशने आजूबाजूला बघितलं. "मी धरून सगळे."

लोक शिव्या घालत, हसत, चिखलाचे पाय घेऊन घरी गेले. होड्या आता उद्याच्या भरतीशिवाय खाली जाणार नव्हत्या. उमेश आपल्या होडीला टेकून वाळूत बसला. पलीकडच्या बाजूला धर्मेश बसलेला होता, त्याच्या विडीचा वास येत होता. मध्ये होडी. कोणी कोणाला दिसत नव्हतं, आणि म्हणूनच बोलता आलं असावं.

"एका कोळंबीवरून एवढं धरून बसलास," उमेश म्हणाला.

"कोळंबी?" धर्मेश म्हणाला. "कोळंबी मी दुसऱ्या दिवशी विसरलो. तुला काय वाटलं, मी जेवणावरून रुसलो?"

"मग?"

भाविनी थोड्या अंतरावर ओंडके गोळा करत होती, ती थांबली.

"धाकल्या तांडेल गेला," धर्मेश म्हणाला. "जूनमध्ये. मी उंबरगावला इंजिनच्या कामाला होतो. बायको माहेरी आणि भाविनीताई पोरीच्या सासरी गेली होती. बातमी तू ग्रुपवर टाकलीस. सगळ्यांना पोचली. मी ग्रुपमध्ये कुठे होतो? मी तिसऱ्या दिवशी आलो तेव्हा त्याची राखसुद्धा सावडून झाली होती. ज्याने मला वल्हं धरायला शिकवलं, उम्या, त्याला मी खांदा दिला नाही. लोक म्हणाले, धर्मेश आला नाही, मोठा माणूस झाला."

धाकल्या तांडेलने, गावातल्या सगळ्यात जुन्या होडीच्या कप्तानाने, उमेशलाही वल्हं धरायला शिकवलं होतं. दोघांना एकाच होडीत, एकाच शिवीत. ती बातमी त्याने किती नीट लिहिली होती, हात जोडून, फुलं लावून. कोणाला पोचली नाही हे बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आपण काय केलं हे त्याला आता कळलं. त्याने चटकन फोन काढला. "थांब. ग्रुप उघडतो. पहिलं नाव तुझं घेतो. तुला अ‍ॅडमिन करतो, आत्ता, या क्षणी."

"नको," धर्मेश उठला. कपड्याची वाळू झटकली. "मला तुझ्या परिवारात घेऊ नको. कोणी गेलं तर घरी येऊन सांगत जा. आधी सांगायचे तसं. आमचं घर काही लंडनला नाही." आणि तो निघून गेला.

पूर्वी या गावात मयतीची बातमी पायाने जायची. एक माणूस दारोदार जाऊन सांगायचा. तो घरात शिरायचा नाही, पाणी घ्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून नाव घेऊन सांगायचा. फोन आले आणि पाय थांबले. सोय झाली हे खरं. पण फोनला एखादा माणूस राहून गेला तर ते कळत नाही, दाराला कळतं.

उमेश उठला आणि अनवाणीच निघाला. चपला हॉलमध्येच होत्या. भाविनी मागे चालू लागली. धर्मेशच्या आळीत दिवेलागण झाली होती. उमेश त्याच्या दारापाशी गेला. धर्मेश पाय धुऊन नुकता आत आला होता. त्याची बायको म्हणाली, "या ना भावोजी," आणि पाट घ्यायला वळली. उमेश आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"धर्मेश," तो म्हणाला. "धाकल्या तांडेल गेला रे."

धर्मेश जागेवर उभा होता. त्याने उमेशकडे बघितलं, त्याच्या चिखलाच्या पायांकडे बघितलं. बातमी दोन महिन्यांची शिळी होती, सगळ्यांना ठाऊक होती. तरी तो विचारायचं ते सगळं विचारू लागला.

"कधी?"

"पहाटे. ओहोटीला."

"त्रास झाला?"

"नाही. शेवटपर्यंत शुद्धीत होता. तुझं नाव घेतलं, म्हणाला, तो हिरवा कुठाय." धाकल्या तांडेल धर्मेशला लहानपणापासून हिरवा म्हणायचा, कच्चा म्हणून. उमेश तेव्हा त्याच्या उशाशी होता, पण हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ग्रुपवर तर नाहीच.

धर्मेश खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. उमेश बाहेर उंबऱ्यापाशी बसून रडला. दोन बाप्ये, मध्ये एक उंबरा. शेजारपाजारचे दारांत येऊन उभे राहिले आणि या वेळी कोणी हसलं नाही. शेवटी धर्मेशने गुडघ्याने सरकत येऊन त्याच्या गळ्यात हात टाकला आणि भाविनीने दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण ती एकीकडे हसत होती.

"उद्या भरती सकाळी आहे," धर्मेश नाक पुसत म्हणाला. "होडी खाली घ्यायला लागेल. तुझ्या वादळाने वर नेऊन ठेवलीय."

"येतो मी. आणि पौर्णिमेला नारळ..."

"दोघांनी धरायचा, ठाऊक आहे मला. मला नियम सांगू नकोस." मग त्याला आठवलं. "अरे, पण त्या गिऱ्हाईकाचं काय? परवा येतोय ना बयाणा घेऊन? त्याला कळवायला हवं, होडी विकायची नाही."

उमेश लगेच उठला. खाली ठेवलेली टोपी डोक्यावर घातली. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "मी जातो. पहिल्या बसने जातो. दारात उभा राहून तोंडाने सांगतो."

भाविनीने त्याच्या खिशातून फोन काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"त्याला फोनवर चालेल," ती म्हणाली. "तो आपला कोण लागतो?"